काटकरांची सेकंड शिफ्ट

जो बनवतो त्याने तपासायचं नाही, हा काटकरांचा आयुष्यातला एकमेव सिद्धांत होता. देव, राजकारण, मधुमेह या बाबतींत ते सगळ्यांचं ऐकून घेत. या एका बाबतीत मात्र साक्षात ब्रह्मदेव खाली उतरला असता, तरी काटकरांनी त्याला विचारलं असतं, "सृष्टी तुम्ही बनवलीत ना? मग तपासली कुणी?"

चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात त्यांनी उभी हयात क्वालिटी खात्यात काढली. लोक माल बनवायचे आणि काटकर तो नापास करायचे. निवृत्त झाल्यावर नापास करायला काही उरलं नाही. सुरुवातीला त्यांनी घरातल्या पोळ्या उजेडात धरून पाहिल्या. तेव्हा सुमनकाकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, लाटणं त्यांच्या हातात दिलं. म्हणाल्या, "घ्या. आता तुमीच करा आन् तुमीच तपासा." इथे सिद्धांताची पंचाईत झाली. काटकर पोळ्यांवरून जे उठले ते थेट पार्किंगमध्ये गेले.

पिंपळे सौदागरमधल्या आमच्या सोसायटीचं पार्किंग तळघरात आहे. तिथे त्यांची जुनी पांढरी गाडी आणि माझी स्कूटर शेजारी शेजारी. एवढ्याच शेजाराच्या जोरावर मी हे लिहितो आहे. एरवी गाडीतलं मला फक्त काच खाली करता येते, आणि काटकरांच्या गाडीत तीही होत नसे.

त्या गाडीला दोन दुखणी होती. ब्रेक दाबला की पाय पार जमिनीला टेके आणि गाडी आपल्या मर्जीने थांबे. आणि स्टेअरिंग कितीही सरळ धरलं तरी गाडी डावीकडे ओढे. काळेवाडीत यासीनभाई नावाचा मेकॅनिक काटकरांच्या फार जुन्या ओळखीचा. तो म्हणाला, "साहेब, गाडी माज्याकडं सोडा. करून देतो की." काटकरांनी सोडली नाही. "यासीनचा हात चांगला आहे हो," ते मला म्हणाले, "पण तो स्वतःच दुरुस्त करतो आणि स्वतःच म्हणतो, झाली बघा! ही काय पद्धत आहे?"

तेव्हा गाडी घरीच दुरुस्त करायची ठरली. स्पेअर पार्ट यासीनभाईंनी आणून द्यायचे, काम काटकरांनी करायचं. पण मग तपासायचं कुणी? या पेचातून काटकरांनी जी वाट काढली तिने आमची सोसायटी कायमची बदलली. त्यांनी दोन शिफ्ट चालू केल्या.

सकाळी काटकर निळा शर्ट घालून खाली यायचे आणि गाडीखाली शिरायचे. जेवणाची वेळ झाली की हत्यारं जागच्या जागी लावून वर जायचे. जेवून, थोडं लवंडून पुन्हा खाली यायचे ते पांढरा कोट घालून, खिशात टॉर्च आणि चेहऱ्यावर संशय घेऊन. हे दुपारचे काटकर म्हणजे इन्स्पेक्टर. सकाळी झालेलं काम ते असं न्याहाळत, की जणू ते कुणा परक्या आणि बऱ्यापैकी नालायक माणसाने केलेलं आहे.

"हे बघा," ते मला टॉर्चच्या उजेडात दाखवायचे. "हा नट बघा. असा नट आवळतात?"

"पण काटकर, तो तुम्हीच तर..."

"सकाळच्याने," ते कोरडेपणाने म्हणायचे. "सकाळच्याला घाई फार."

दोन शिफ्टची गाठ पडत नसल्यामुळे निरोप खडूने फरशीवर लिहिले जात. ऑफिसला निघताना मी ते वाचायचो. दुपारने लिहिलेलं असायचं: "डावं चाक पुन्हा उघडा. हयगय चालणार नाही." दुसऱ्या दिवशी त्याखाली सकाळचं उत्तर असायचं: "चाक बरोबर आहे. आधी चष्मा पुसा." एकदा तर दुपारने "कामगार उर्मट आहे" एवढाच शेरा मारला होता आणि सकाळने त्यावर बादलीभर पाणी ओतलं होतं. त्या आठवड्यात काटकर खरोखरच उतरल्या चेहऱ्याने हिंडत होते. आता त्यांतला नेमका कोणता काटकर दुखावला गेला होता, ते मला कळलं नाही.

काकूंची यावर एकच तक्रार. "दोघं राबत्यात, दोघं भांडत्यात, जेवायला मात्र मीच घालायची," त्या लिफ्टमध्ये मला म्हणाल्या. "सकाळच्याला भाकर लागती. दुपारच्याला म्हनं आंबट ढेकर येत्यात, ताक लागतं. आता भाकर त्यानं खाल्ली तर ढेकर ह्याला कसा?"

काकू मूळच्या चाकणच्या पुढच्या एका खेड्यातल्या. संसार शहरात गेला तरी बोलणं त्यांनी गावाकडचंच राखलं होतं. आणि त्याहून घट्ट राखली होती एक शपथ: या गाडीत पुन्हा पाय ठेवणार नाही.

त्यामागची हकिगत काटकरांनी मला कितीतरी वेळा ऐकवली होती. ते तिला "ती कस्टमर कम्प्लेंट" म्हणत. काकूंच्या माहेराहून दोघं परत येत होते. चाकणच्या कांदा बाजाराजवळ उतारावर ब्रेकने दगा दिला. काटकरांनी प्रसंगावधान राखून गाडी माणसांतून बाहेर काढली आणि समोरच्या कांद्याच्या ढिगात घातली. "मऊ बसली हो अगदी," ते सांगत. "मी ताबडतोब उतरलो, खाली वाकलो, बघतो तर काय, ऑइल सगळं गळालेलं! जागच्या जागी निदान केलं मी. व्यापारी बोंबलत होता, पण मी म्हटलं, थांब, आधी मूळ कारण सापडू दे." हे सांगताना त्यांच्या डोळ्यांत एक चमक यायची. गोष्टीत ब्रेक असायचा, ऑइल असायचं, व्यापारी असायचा, कांद्याची जातसुद्धा असायची. काकू नसायच्या.

त्या दिवसापासून काकू रिक्षाने जात, बसने जात, एकदा तर पुतण्याच्या लग्नाला ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरमधून गेल्या. पण या गाडीत बसल्या नाहीत. आणि काटकरांनी मनाशी घेतलं होतं की ब्रेक आणि स्टेअरिंग असं करून दाखवायचं, की ही एक दिवस आपणहून दार उघडून शेजारी बसली पाहिजे. ते हे बोलून दाखवत नसत. पण गाडीतली दुसरी कुठलीही सीट त्यांनी कधी पुसली नाही. डावीकडची पुढची तेवढी रोज पुसत.

ब्रेकचं काम पुरं होत आलं आणि एका जागी अडलं. ब्रेकच्या नळ्यांत हवा शिरली की ती काढावी लागते, आणि ते काम एकट्याने होत नाही. एकाने आत बसून पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने चाकापाशी बारीकसा नट सैल करून हवा सोडायची. काटकरांनी प्रथम काकूंना विचारलं.

"मी बसनार न्हाई म्हनून सांगितलंय ना?"

"अगं, पण गाडीला चाकं कुठायत? चारही काढलीयत. ठोकळ्यांवर उभी आहे. चाकं नसलेली गाडी म्हणजे खोली झाली! खोलीत बसायला काय जातंय?"

काकूंनी क्षणभर विचार केला. "खोली असंल तर खोलीला म्हना, सवताच दाब," असं म्हणून त्या मेथी निवडायला लागल्या.

मग आमच्या पाळ्या लागल्या. सोसायटीतल्या ज्या ज्या माणसाला उजवा पाय होता, त्या प्रत्येकाने तो ब्रेक दाबला. चाकाच्या जागेवरून काटकरांची ऑर्डर यायची, "दाबा... दाबा... धरा!" आपण धरायचं. खालून फुस्स व्हायचं. "सोडा म्हणेपर्यंत सोडू नका!" आणि मग सोडा म्हणायला ते विसरायचे. तिसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ देवदर्शनाला निघालेले, सोवळ्यात. त्यांना काटकरांनी पकडून बसवलं आणि स्वतः नळीतला बुडबुडा बघण्यात गढून गेले. गृहस्थ पाय दाबून तसेच बसले. शेवटी त्यांनी आतूनच मोठ्याने आरती म्हणायला घेतली, तेव्हा काटकरांना आठवण झाली. मी स्वतः त्या खुर्चीत इतका वेळ काढला की एकदा ऑफिसात बॉस काही बोलायला लागल्यावर माझा पाय आपोआप टेबलाखाली दाबला गेला.

आणि कुणीही गाडीतून उतरू लागलं की काटकरांचा ठराविक आवाज यायचा, "हँडब्रेक!" चाकं नसलेल्या, ठोकळ्यांवर चढवलेल्या गाडीतूनही हँडब्रेक ओढल्याशिवाय त्यांनी कुणाला उतरू दिलं नाही. स्वतः तर दोनदा ओढायचे. एकदा सकाळच्यासाठी, एकदा दुपारच्यासाठी.

यासीनभाई अधूनमधून यायचे, गाडीभोवती एक चक्कर मारायचे आणि डोकं हलवायचे. "साहेब, हवा कवाच निघून गेली. ब्रेक एकदम टाइट हाय."

"दुपारच्याने पास केलेलं नाही अजून."

"दुपारच्याला माज्याकडं पाठवा. मी बोलतो त्याला."

"तू बोलू नकोस. तू पार्ट आणलेस. तू यात गुंतलेला आहेस."

यासीनभाई माझ्याकडे वळून म्हणाले, "भोसेकर भाऊ, गाडीत आता काय बी फॉल्ट ऱ्हायला न्हाई. जो हाय तो कोट घालून फिरतोय."

ब्रेक एकदाचा पास झाला, मग स्टेअरिंगची पाळी आली. काटकरांनी आख्ख्या तळघरात सुतळ्या बांधल्या. चाकं एका ओळीत आहेत का हे बघायला सुतळी पुरते, हे त्यांचं म्हणणं बरोबरच होतं. पण त्यांना सुतळीवर विश्वास बसेना, म्हणून ती तपासायला दुसरी बांधली. आणि दुसरी सरळ आहे कशावरून, म्हणून तिसरी. दोन दिवस आम्ही आपापल्या गाड्यांपर्यंत वाकून, रांगत, पाय उचलून गेलो. सोसायटीचे सेक्रेटरी तावातावाने ओरडायला आले आणि सुतळीत अडकून काटकरांच्याच अंगावर पडले. काटकरांनी त्यांना सावरलं, उभं केलं आणि पहिला प्रश्न विचारला, "सुतळी हलली का?"

मग त्यांनी स्टेअरिंगचं चाकच काढलं आणि निरीक्षणासाठी वर घरी नेलं. लिफ्टमध्ये ते दोन्ही हातांनी धरून उभे होते. पाचव्या मजल्यावर लिफ्ट थांबली तेव्हा बाहेरच्या बाईंनी आत बघितलं आणि म्हणाल्या, "तुम्ही चला, मी पुढच्या फेरीला येते." घरी ते चाक जेवणाच्या टेबलावर राहिलं. काकूंनी त्यावर गरम भात ठेवायला सुरुवात केली, कारण त्यावर पातेलं बरोबर बसायचं. काटकरही त्याशिवाय जेवेनासे झाले. आमटी वाढायच्या आधी ते चाक किंचित उजवीकडे फिरवायचे.

चाक परत बसवलं तेव्हा सकाळच्याने ते तिरकं बसवलं. दुपारच्याने नापास केलं. सकाळच्याने फरशीवर लिहिलं: "नाचता येईना, अंगण वाकडं." हे कुणाला उद्देशून होतं याचा आम्ही पार्किंगमध्ये उभं राहून बराच खल केला. पुढे चाक सरळ झालं, पण गाडी डावीकडे ओढायची ती ओढतच राहिली. थोडीशी, पण ओढायची. काटकर सगळं खोलून पुन्हा लावायचे, सोसायटीला एक फेरी मारायचे, आणि परत येऊन मान हलवायचे. "डावीकडे," एवढंच म्हणायचे.

हे असं किती वर्षं चाललं असतं, देव जाणे. पण काकूंच्या माहेरच्या गावी त्यांच्या वाट्याला आलेल्या जागेवर छोटंसं घर बांधून झालं आणि दोघांनी तिकडे राहायला जायचं ठरवलं. सामानासाठी टेम्पो ठरला. "आम्ही दोघं गाडीने जाऊ," काटकर म्हणाले. "तुमी जावा गाडीनं," काकू म्हणाल्या, "मी टेम्पोत बसंन. कपाटाशेजारी."

काटकर हसले. पण त्या दिवशी दुपारची शिफ्ट झाली नाही. ते निळ्याच शर्टात गाडीच्या बाजूला स्टुलावर बसून होते. मी विचारलं, "काय झालं?" तर म्हणाले, "भोसेकर, इतकी कामं केली, इतकी तपासली. पण कस्टमरचं समाधान होत नसेल तर सगळं भंगार." मला त्या माणसाचं खरंच वाईट वाटलं. इतकी वर्षं मी त्यांची चेष्टा करत आलो होतो. त्या दिवशी मात्र तोंडाशी आलेला विनोद मी गिळला.

दुसऱ्या दिवशी काकू बरण्यांना कापड बांधत बसल्या होत्या. मी न राहवून म्हणालो, "काकू, बसा की एकदा. ब्रेक अगदी चांगला झालाय. मी स्वतः दाबलाय."

त्यांनी दोऱ्याची गाठ दाताने ओढली. "ब्रेकचं कोन बोलतंय?"

"मग?"

"त्या दिशी आमी कांद्यात घुसलो ना, तवा माझ्या मांडीपत्तुर कांदे आले व्हते. काच फुटली व्हती. मी म्हनलं, आता हे इचारत्याल, लागलं का. हे उतरले. मी म्हनलं, आता माझ्या बाजूला येत्याल. हे वाकले आन् गाडीखाली शिरले! कांदेवाल्यानं काढलं मला भायेर. परका मानूस. त्यानं इचारलं, मावशी, लागलं का. हे खालनं वरडत व्हते, ऑइल गळालं, ऑइल गळालं."

"हे तुम्ही त्यांना कधी सांगितलं नाही?"

"सांगायचं कशाला? इतका बारीक सारीक फॉल्ट काढनारा मानूस. ह्यो न्हाई सापडला?"

मी काटकरांना सांगणार होतो. खरंच सांगणार होतो. पण खाली गेलो तेव्हा ते पाना हातात घेऊन पुन्हा गाडीखाली शिरलेले होते, आणि गाडीखालच्या माणसाला हे कसं सांगावं ते मला सुचेना.

जायच्या दिवशी सकाळी टेम्पो भरला. यासीनभाई निरोप द्यायला काळेवाडीहून आले. सगळी सोसायटी तळघरात जमली. गाडी धुऊन पुसून तळघराच्या उतारावर, वरच्या तोंडाशी उभी होती. काटकर पांढरा कोट घालून तिच्यासमोर उभे राहिले आणि उभेच राहिले.

"निघायचं ना?" मी म्हणालो.

"फायनल इन्स्पेक्शन राहिलंय."

"करा मग."

"मी कसं करू?" ते एकदम म्हणाले. "सकाळी हे काम मीच केलंय."

इतक्या वर्षांत ही गोष्ट त्यांच्या तोंडून पहिल्यांदा निघाली होती. यासीनभाई पुढे झाले, "मी करतो पास." पण ते पार्ट आणून गुंतलेले. मी पेडल दाबून गुंतलेला. आरतीवाले गृहस्थ, सेक्रेटरी, पाचव्या मजल्यावरच्या बाईंचे यजमान, सगळ्यांचा हात नाहीतर पाय त्या गाडीला लागलेला. काटकरांनी एकेकाला बाद केलं. शेवटी त्यांची नजर टेम्पोपाशी उभ्या असलेल्या काकूंवर गेली.

"हिने या गाडीला बोटसुद्धा लावलेलं नाही," ते सावकाश म्हणाले. "तपासायला हीच एक लायक आहे."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"कस्टमरला कळावं लागत नाही. कस्टमरला पटावं लागतं."

काकूंनी पदर खोचला. टेम्पोत जाऊन त्यांनी एक चिनी मातीची बरणी आणली. ती त्यांच्या आईची, आणि तिच्यात गळ्यापर्यंत लिंबाचं लोणचं भरलेलं. ती त्यांनी उताराच्या पायथ्याशी, गाडीच्या बरोबर वाटेत ठेवली. "माझ्यापाशी हिच्यापरीस जपलेलं काय न्हाई," त्या म्हणाल्या. "थांबवा हिच्या अलीकडं." मग काटकरांचंच स्टूल घेऊन त्या बाजूला भिंतीशी बसल्या. समोरच्या भिंतीला काटकरांनी सुरक्षेचा उपाय म्हणून जुने टायर लावले होते. ते त्यांनी पुन्हा एकदा हाताने दाबून पाहिले आणि गाडीत जाऊन बसले.

गाडी उतारावरून निघाली. माझा उजवा पाय आपोआप दाबला गेला. बघतो तर शेजारी सगळ्यांचेच पाय दाबलेले. गाडी वेगात खाली आली, करकचून ब्रेक लागला आणि बरणीच्या वीतभर अलीकडे, अजून उतारावर असतानाच, ती गप्पकन थांबली. बरणीवरचं कापडसुद्धा हललं नाही.

आम्ही टाळ्या वाजवल्या. काकूही दचकून उठल्या, पुन्हा बसायला गेल्या, आणि स्टूल सरकलं. त्या धप्पकन जमिनीवर बसल्या.

"सुमे!"

हा आवाज काटकरांचा होता हे कळायला मला वेळ लागला. दार उघडून ते धावत सुटले होते. कोट फडफडत होता. गाडीचा ब्रेक सुटला होता, इंजिन चालू होतं, आणि ज्या माणसाने चाकं नसलेल्या गाडीचासुद्धा हँडब्रेक ओढून घेतला, त्याने हँडब्रेक ओढला नव्हता. गाडी हळूच पुढे सरकायला लागली.

"साहेब! हँडब्रेक!" यासीनभाई ओरडले. "काटकर, गाडी!" आम्ही सगळे ओरडलो.

"गेली खड्ड्यात गाडी!" काटकर मागे न बघता म्हणाले. ते जमिनीवर गुडघे टेकून बसले होते. "लागलं का? सुमे, कुठं लागलं? हात हलतोय का बघ. हा हलतोय? आणि हा?"

मागे गाडी अतिशय सभ्यपणे बरणीवर गेली. टचकन आवाज झाला. मग ती टायरांना टेकून थांबली आणि सगळ्या तळघरात लिंबाच्या लोणच्याचा वास दरवळला. काटकरांनी तरीही वळून पाहिलं नाही. ते काकूंचा कोपर तपासत होते.

काकू नवऱ्याकडे बघत होत्या. त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं होतं आणि त्या हसतही होत्या. "न्हाई लागलं," त्या म्हणाल्या.

मग त्या उठल्या, साडी झटकली, फुटलेल्या बरणीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. आता आईच्या बरणीचं काय म्हणतील म्हणून आम्ही दोन पावलं मागे सरलो. काटकरांनाही तेव्हा कुठे मागे काय झालंय ते दिसलं. त्यांचा चेहरा पार पडला. "चूक ऑपरेटरची आहे," ते खालच्या आवाजात म्हणाले. "हँडब्रेक राहिला. नापास करावं लागेल."

"नवी गाडी आनली की लोक चाकाखाली लिंबू ठेवत्यात," काकू म्हणाल्या. "आपन बरनीभर ठेवली. पास."

"अगं, पण ऑपरेटर..."

"ऑपरेटरलाच पास केलंय मी. गाडीचं मला काय कळतंय?"

आणि त्यांनी डावीकडचं पुढचं दार उघडलं आणि त्या आत बसल्या.

काटकरांनी अंगातला पांढरा कोट काढला, नीट घडी घातली आणि यासीनभाईंच्या हातात दिला. गाडी मागे घेतली, बरणीचे तुकडे झाडून बाजूला केले आणि पुन्हा आत बसले. मी निरोपाला काकूंच्या बाजूचं दार उघडलं तेव्हा काटकर स्टेअरिंगवर हात ठेवून त्यांना अगदी अपराध्यासारखं सांगत होते, "एक सांगून ठेवतो, ही अजून थोडी डावीकडे ओढते."

"ओढू दे," काकू म्हणाल्या.

गाडी उतार चढून गेटबाहेर पडली, मागे टेम्पो. रस्त्याला लागताना ती किंचित डावीकडे गेली, सरळ झाली, पुन्हा किंचित डावीकडे. पुढच्या चाकाला लिंबाची एक फोड चिकटली होती. वळणापर्यंत ती वर येताना आणि खाली जाताना दिसत होती.